सल्ला : दिवाळीच्या तोंडावर हॅलोवीन आणि घरात तिघांची तीन मतं

पत्र :
"आम्ही मार्चमध्ये पुण्याहून डब्लिनला आलो. ल्यूकनमधल्या एका वसाहतीत भाड्याने राहतो. मुलगी सात वर्षांची आहे. ऑक्टोबरच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी सोंग घेऊन या, अशी शाळेतून चिठ्ठी आलीये. शेजारच्या बाई एक मोठा भोपळा आणि आत अंगठी असलेला 'ब्रॅक' नावाचा केक देऊन गेल्या. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्या म्हणतात, 'पितृपक्ष होऊन गेला, आता दिवाळीच्या तोंडावर पुन्हा मेलेल्यांना दारात बोलवायचं का?' ही 'सॅमहेन' नावाच्या मृत्युदेवाची पूजा आहे, असा मजकूरही त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. नवरा म्हणतो, अमेरिकन कंपन्यांचा चॉकलेटचा धंदा आहे, आपण दिवे बंद करून बसू. मुलगी रडकुंडीला आलीये. आम्ही शाकाहारी आहोत, केकमधलं अंडं चालतं. हा सण नेमका काय आहे? त्यात उतरावं का? आणि उतरलो तर काय काय करायचं?"

उत्तर :
उतरा. आणि उतरताना सासूबाईंना बरोबर घ्या, कारण या सणाच्या मुळाशी जाणारा प्रश्न तिघांपैकी त्यांनीच विचारलाय.

आधी तुमच्या यजमानांचं. हॅलोवीन अमेरिकेतून आयर्लंडला आलेला नाही, तो आयर्लंड-स्कॉटलंडहून तिकडे गेला. ल्यूकनपासून गाडीने साधारण तासाच्या अंतरावर, मीथ काउंटीत अथबॉय गावाजवळ हिल ऑफ वॉर्ड नावाची टेकडी आहे. तिथे हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री मोठा अग्नी पेटवत आणि देशभरच्या विझवलेल्या चुली त्यावरून पुन्हा पेटवत, अशी परंपरा १७व्या शतकात आयर्लंडचा इतिहास लिहिणाऱ्या जेफ्री कीटिंगने नोंदवली आहे. या दिवसाचं आयरिश नाव 'साउइन', इंग्रजी वळणाने वाचलं की त्याचं सॅमहेन होतं. मुलीच्या शाळेत 'ईहा हाउना' असे शब्द कानावर पडतील, तीच साउइनची रात्र.

हा गुराख्यांच्या वर्षाचा सांधा होता. उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसता येतील तेवढी ठेवायची, बाकीची कापून मांस खारवायचं. पिकं घरात आलेली असायची आणि वर्षाचा अंधारा अर्धा सुरू व्हायचा. दिवस सूर्यास्तापासून मोजत, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागतो. अशा सांध्यावर या जगाची आणि त्या जगाची दारं उघडी राहतात, असं मठांतल्या भिक्षूंनी लिहून ठेवलेल्या जुन्या कथांमध्ये पुन्हा पुन्हा येतं. रॉसकॉमन काउंटीत राथक्रोहनला एक अरुंद गुहा आहे. तिच्यातून या रात्री भयंकर प्राणी बाहेर पडत, असं त्या कथा सांगतात. ती गुहा आजही बघता येते.

चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि ९व्या शतकात तो युरोपभर पक्का झाला. २ नोव्हेंबरचा सर्व मृतात्म्यांचा दिवस ११व्या शतकाच्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याच्यामुळे रूढ झाला. साउइन झाकायला चर्चने मुद्दाम ही तारीख निवडली, असं सरसकट लिहिलं जातं. ते पटण्यासारखं नाही, कारण ९व्या शतकाच्या सुरुवातीच्या आयरिश संत-दिनदर्शिकेत सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये आहे. नोव्हेंबरची तारीख बाहेरून आली आणि इथल्या जुन्या रात्रीला येऊन चिकटली.

१८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर ही रात्र अमेरिकेत पोचली. इथे कंद पोखरून दिवे करत, तिथे मोठा आणि मऊ भोपळा मिळाला. दारोदार जाऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणण्याची पद्धत १९२०च्या दशकात कॅनडाच्या वर्तमानपत्रांत दिसते. दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९४७ मध्ये उठल्यावर अमेरिकेत ती सगळीकडे पसरली. प्लॅस्टिकचे सांगाडे, पोतंभर चॉकलेटं आणि खुद्द भोपळा हे सगळं तिकडून परत इथे आलं. तेव्हा यजमानांचं म्हणणं बाजारापुरतं बरोबर आहे. पण दिवे बंद करून बसलात, तर तुम्ही कंपन्यांना नाही, शेजाऱ्यांना नकार देताय.

आता सासूबाई. तो व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर खोटा आहे. साउइन हे काळाचं नाव आहे, देवाचं नाही. मृत्युदेवाची कल्पना १८व्या शतकातल्या चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या लष्करी अभियंत्याची. भाषांचे वाटेल तसे संबंध जोडणारा हा गृहस्थ अभ्यासकांनी केव्हाच मोडीत काढला, पण ते वाक्य अजून फिरतंय.

मृतांचा संबंध मात्र खरा आहे आणि तो त्यांच्यापासून लपवू नका. "अहो, नुसती मुलांची गंमत" म्हणून त्यांना गप्प केलंत, तर पुढे दुसरीकडून कळेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरच्या रात्रींत घरातली गेलेली माणसं घरी येतात, अशी आयरिश खेड्यांत श्रद्धा होती. झोपण्याआधी चुलीपुढची जागा झाडायची, विस्तव जागता ठेवायचा, दाराला कडी घालायची नाही, शेगडीपाशी खुर्च्या मांडायच्या. यात कुणाला मंत्राने बोलावणं नाही, आपल्याच माणसांसाठी जागा ठेवणं आहे. आजही नोव्हेंबरभर इथल्या चर्चमध्ये कुटुंबातल्या मृतांच्या नावांच्या याद्या ठेवतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होतात. आपल्याकडे वसईत, वांद्र्यात आणि गोव्यात २ नोव्हेंबरला दफनभूमीत थडगी धुऊन फुलं-मेणबत्त्या लावतात, ते सासूबाईंनी पाहिलंही असेल. पितृपक्षाशी गल्लत नको. तिथे नावागोत्राने तर्पण आहे, विधी आहे. हॅलोवीनच्या रात्री आज घराघरात कुठलाच विधी होत नाही. कुणाला नमस्कार करायचा नाही, कुणाला काही अर्पण करायचं नाही. हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी सांगा. सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणून कॅथलिक घरांत ३१ ऑक्टोबरला मांस वर्ज्य असे. त्यामुळे या रात्रीचं आयरिश जेवण बटाटे, कोबी, लोणी, सफरचंदं आणि अक्रोड-हेझलनट यांचं आहे. दिवाळीआधी घरात सामिष शिजायला नको ही त्यांची अट असेल, तर ती हा सण स्वतःच पाळतो.

त्या रात्री कॉलकॅनन, म्हणजे घोटलेले बटाटे आणि कोबी, करा. चार माणसांना १ किलो पिठूळ बटाटे लागतील. इथे 'रूस्टर' किंवा 'कर्स पिंक' नावाने मिळतात ते घ्या. मेणचट सॅलडचे बटाटे घेतलेत तर लगदा गुळगुळीत होत नाही. सालासकट मिठाच्या पाण्यात उकडा, गरम असतानाच सोला आणि कोरड्या पातेल्यात मिनिटभर वाफ जाऊ द्या. २५० ग्रॅम केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा सव्हॉय कोबी बारीक चिरून ४-५ मिनिटं उकळा आणि पिळून पाणी काढा. हे पिळणं टाळलं की पदार्थ पाणचट होतो, बहुतेकांचं इथेच बिघडतं. १५० ते २०० मिली दुधात पातीचा कांदा घालून दूध तापवा, ७५ ग्रॅम लोण्याबरोबर बटाट्यात ओता आणि हाताने घोटा. मिक्सरमध्ये अजिबात घालू नका, बटाट्यातला स्टार्च सुटून खळ तयार होते. शेवटी केल, मीठ, मिरपूड घाला. वाढताना ढिगात खळगा करून त्यात लोण्याचा गोळा सोडायचा. सासूबाईंच्या जिभेला हे मिळमिळीत लागेल. लसणाची फोडणी वेगळ्या वाटीत द्या, पण मुलीच्या ताटात पहिल्यांदा इथल्यासारखंच वाढा.

शेजारच्या बाईंनी दिलेला बार्मब्रॅक म्हणजे बेदाणे-मनुकांचा पाव. पूर्वी त्यात पाच वस्तू लपवत. अंगठी सापडली तर वर्षात लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही आणि काडी म्हणजे संसारात भांडणं. आता दुकानातल्या ब्रॅकमध्ये बहुधा फक्त अंगठी असते. मुलीला देण्याआधी तिची फोड चाचपून बघा. अंगठी घशात अडकू शकते, आणि ब्रॅक टोस्ट करून खायचा असेल तर ती आधी काढायलाच हवी. पाकिटावर अंडं आहे का तेही पाहा, तुम्हाला चालतं पण सासूबाईंना विचारून घ्या.

घरी करायचा तर चहातला ब्रॅक सोपा. ३५० ग्रॅम बेदाणे-मनुका ३०० मिली कडक, बिनदुधाच्या, गार चहात रात्रभर भिजवा. सकाळी उरलेल्या चहासकट त्यात २५० ग्रॅम सेल्फ-रेझिंग फ्लावर, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, १ चमचा मिक्स्ड स्पाइस आणि एक अंडं (नको असेल तर ४ मोठे चमचे दही) घाला. ९०० ग्रॅमच्या लांबट टिनमध्ये १७० अंशांवर साधारण तासभर भाजा. चाळीस मिनिटांनी वरून फॉइल टाका, नाहीतर वरचे बेदाणे करपून कडू होतात. दह्याचा ब्रॅक जरा दाट होतो, पूर्ण गार होईपर्यंत कापू नका.

भोपळ्याकडे वळू. तो २९ किंवा ३० तारखेला कोरा, आधी नको. कापलेला भोपळा घराबाहेर गारठ्यात चार-पाच दिवस टिकतो, हीटर चालू असलेल्या खोलीत दोन दिवसांत बुरशी धरतो. आपल्या अनेक घरांत अख्खा कोहळा किंवा भोपळा बाईने आधी फोडत नाहीत. सासूबाई ते मानत असतील तर पहिली सुरी यजमानांना लावू द्या, एवढ्यावरून वाद नको. झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा. सरळ कापलंत तर सुकल्यावर झाकण आत पडतं. एका बाजूला खाच ठेवली म्हणजे ते पुन्हा नेमकं बसतं. बिया आणि दोरे मोठ्या धातूच्या चमच्याने खरवडा आणि ज्या बाजूला चेहरा येणार ती भिंत आतून घासून अडीच सेंटिमीटरपर्यंत पातळ करा. हे न करता लोक थेट कापायला घेतात, मग सुरी अडकते आणि जोर लावताना हात कापतो. चेहरा मुलीला कागदावर काढू द्या, कागद चिकटवून टाचणीने रेषेवर भोकं पाडा आणि करवतीसारखे दात असलेल्या छोट्या हत्याराने तुम्ही कापा. ते सुपरमार्केटमध्ये या दिवसांत मिळतं. आधी डोळे, मग नाक, तोंड शेवटी. तोंड आधी कापलं तर भिंत कमकुवत होते आणि डोळे कापताना फाटते. कडांना व्हॅसलीन लावलं की सुकून सुरकुतणं लांबतं. आत बॅटरीचा दिवाच ठेवा.

बिया फेकू नका. धुऊन, फडक्याने अगदी कोरड्या करून, तेल-मीठ लावून १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा. ओल्या राहिल्या तर वातड होतात. गराचे घारगे करायचा मोह होईल, पण कोरायचा भोपळा पाणचट, दोऱ्यांचा आणि बेचव असतो. घारग्यांसाठी लहान, गडद रंगाचा खायचा भोपळा वेगळा आणा.

वेळ असेल तर एक टर्निपही कोरा, कारण मूळ आयरिश दिवा तोच. मेयो काउंटीतल्या टर्लो पार्क इथल्या ग्रामजीवन संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउनहून आलेल्या अशा एका जुन्या दिव्याची प्रतिकृती ठेवलीये. त्याचा सुकलेला चेहरा पाहिला की भोपळा एकदम सौम्य वाटतो. इथे टर्निप म्हणतात तो जांभळट सालीचा, आतून पिवळा, नारळापेक्षा मोठा कंद. बूड सपाट कापा, वरून दोन सेंटिमीटरची चकती काढा, आतल्या गराला सुरीच्या टोकाने चौकटीच्या चिरा द्या आणि चमच्याने तुकडे उकलत जा. भिंत एक-दीड सेंटिमीटर राहिली की थांबा. गर कडक असतो, तासभर सहज जातो, हे काम यजमानांना द्या. निघालेल्या गराची नवलकोलासारखी भाजी होते.

सोंगासाठी दुकानात जायलाच हवं असं नाही. जुन्या काळी मुलं गवताचे मुखवटे आणि मोठ्या माणसांचे कोट उलटे करून घालत. अंगातलं उलटं घातलं की त्या जगातल्या अदृश्य लोकांची भूल लागत नाही, अशी समजूत होती. देवादिकांचं सोंग टाळा, सासूबाईंना ते लागेल आणि वर्गात मुलीला समजावूनही सांगता येणार नाही. विकतचा झगा घेतलात तर त्यावर सीई (CE) ही युरोपातली सुरक्षेची खूण पाहा. ती असली तरी झिरझिरीत कृत्रिम कापड पटकन पेट घेतं, म्हणून आत सुती लेगिंग्ज आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला आणि पेटत्या मेणबत्त्यांपासून तिला लांब ठेवा. झगा घोट्याच्या वर असू दे. मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवणं बरं, आजूबाजूचं नीट दिसतं. मुखवटे आणि खेळण्यातली हत्यारं चालतात का, हे शाळेच्या चिठ्ठीत पाहून घ्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यामुळे ३१ तारखेला पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. लहान मुलं पाच ते सातमध्ये फिरतात, आठनंतर मोठी पोरं असतात. या रात्रीचा खरा धोका गाड्यांचा. अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या अपघातांवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचारी मरण्याचा धोका आसपासच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला. काळ्या सोंगावर चमकणारं जॅकेट चढवा, हातात टॉर्च द्या, फिरणं वसाहतीच्या आत ठेवा आणि तुमच्यापैकी एकजण बरोबर जा. जिथे दिवा किंवा भोपळा लावलाय तेवढ्याच दारांवर थाप मारायची.

दारात 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हटलेलं चालतं, पण डब्लिनची जुनी हाक 'हेल्प द हॅलोवीन पार्टी' आहे. मुलीला ती शिकवा, म्हातारे शेजारी खूश होतील. आणि एखादी कविता किंवा गाणं तयार ठेवा. पूर्वी काही म्हणून दाखवल्याशिवाय सफरचंद मिळत नसे, आजही काही घरांत विचारतात. भोंडल्याचं एखादं गाणं तिला येत असेल तर तेच म्हणू दे. हे शिकवायचं काम अर्थातच आजीचं.

तुमच्या दारीही मुलं येतील. शेजारच्या बाईंना गेल्या वर्षीचा आकडा विचारा. मोठ्या वसाहतीत निदान ५० छोटी पाकिटं तयार ठेवा आणि ती स्वतःच्या हाताने एकेक द्या. टोपलं दारात ठेवून आत गेलात तर पहिली चार मुलं ते रिकामं करतात. सालासकट शेंगा देण्याची इथे जुनी रीत आहे, पण शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीमुळे अनेक आईवडिलांना ती आता नको असते. मुलीला मिळालेलं घरी आणून एकदा निवडा. पाकिटावर जिलेटिन लिहिलं असेल तर बाजूला काढा. ते जनावरांच्या कातडी-हाडांचं असतं आणि बहुतेक रबरी गोळ्यांत, मार्शमेलोमध्ये सापडतं. ई१२० हा किड्यांपासून केलेला लाल रंग, ई९०४ ही लाखेची चकाकी. बाजूला काढलेल्या गोळ्यांच्या बदल्यात घरातलं तेवढंच चॉकलेट द्यायचं, हे तिच्याशी निघण्याआधी ठरवा. परत आल्यावर ठरवलंत तर रडारड होईल.

दिवाळीची एक अडचण आधीच लक्षात घ्या. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. अशा वर्षी आकाशकंदील आणि पणत्या लावल्या की मुलांना ते निमंत्रणच वाटतं. खाऊ तयार ठेवा आणि पणत्या वाटेत, झग्याच्या घेरात येतील अशा ठेवू नका. उंच खिडकीत लावा.

आणि फटाके. आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय फटाके बाळगणं हा गुन्हा आहे, अगदी फुटकळ प्रकार तेवढे सुटतात. शिक्षा १० हजार युरो दंड किंवा पाच वर्षं कैदेपर्यंत जाऊ शकते. उत्तर आयर्लंडमधून गाडीत घालून आणलेले, कुणी ओळखीच्याने "दिवाळीसाठी" दिलेले, सगळे यात येतात. वसाहतीमागच्या मैदानात पोरं लाकडं, टायर, पॅलेट जमवून होळी पेटवतील. तिकडे मुलीला नेऊ नका, त्यात एरोसोलचे डबे फुटतात. आग वाढलेली दिसली तर ११२ किंवा ९९९ ला फोन करा.

२ तारखेपर्यंत भोपळा बसायला लागेल. बॅटरीचा दिवा आणि टाचण्या काढून तो ब्राउन बिनमध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. रंग किंवा चमकी लावली असेल तर साल तासून मगच टाका. पक्ष्यांसाठी म्हणून बागेत किंवा झाडीत टाकून देऊ नका, तिथे हेजहॉग नावाचे छोटे काटेरी प्राणी त्यावर ताव मारतात आणि आजारी पडतात.